विषाचं औषध कसं झालं?



मागच्या महिन्यात एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, चहा आला. बायका उठायला लागल्या, तशा कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी जवळ आल्या. डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेला. हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही रेडिओवर बोलता म्हणून विचारते. माझं छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालंय. केमोचा एक डोस झाला. केस गेले, तोंड आलं, आठ दिवस घास गिळवला नाही. आता शेजारीण म्हणते, ते औषध नाही, विष आहे. लढाईत माणसं मारायला काढलेलं. खरंय का हो? खरं असेल तर मी पुढच्या डोसला जात नाही."

"छे हो, तसलं काही नसतं," असं म्हणून मी सुटले असते. पण ते खोटं झालं असतं. शेजारणीचं म्हणणं अर्धं खरं होतं. अर्धी गोष्ट ऐकली की माणूस घाबरतो आणि अर्ध्या वाटेवरून मागे फिरतो. म्हणून त्या दिवशी मावशींना जी पूर्ण गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगते. केमोची औषधं पुष्कळ प्रकारची आहेत. त्यातल्या सगळ्यात जुन्या घराण्याचा हा इतिहास आहे. डॉक्टर त्यांना 'अल्किलेटिंग' औषधं म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट अवघड नाही.

आपल्याकडे बिब्बा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं तेल चुकून अंगाला लागलं की बिब्बा उततो, अंगावर फोड येतात, कातडी सोलते. तरी जुन्या बायका तोच बिब्बा बेताने, सुईच्या टोकाने, टाचेच्या दुखण्यावर लावायच्या. हाच पदार्थ त्रासही द्यायचा आणि कामालाही यायचा. आजची गोष्ट अशाच एका पदार्थाची आहे, पण तो बिब्ब्यापेक्षा कितीतरी भयंकर होता.

साल १९१७. युरोपात पहिलं महायुद्ध चालू होतं. बेल्जियम देशात ईप्र नावाचं गाव आहे. १२ जुलैच्या रात्री तिथे जर्मन सैन्याने इंग्रज सैन्यावर नव्या प्रकारचे तोफगोळे टाकले. गोळ्यांवर पिवळी फुली काढलेली होती. त्यातून उडालेल्या पदार्थाला मोहरीसारखा, लसणासारखा वास येत होता. त्यावरून त्याला 'मस्टर्ड गॅस' म्हणजे मोहरीचा वायू असं नाव पडलं. आपल्या फोडणीतल्या मोहरीशी त्याचा काही संबंध नाही. आणि खरं तर तो वायूही नव्हता. ते तेलकट द्रव्य होतं. त्याचे बारीक थेंब आणि वाफ हवेत पसरायची.

त्या क्षणी सैनिकांना फारसं काही जाणवलं नाही. काही तासांनी डोळे सुजून बंद झाले, अंगावर मोठमोठे फोड आले, श्वास कोंडला. पुष्कळ जण वाचले, पण आठवडेच्या आठवडे दवाखान्यात पडून राहिले.

या रुग्णांकडे एका नवरा-बायकोने बारकाईने पाहिलं. एडवर्ड आणि हेलन क्रुंबहार हे ते अमेरिकन जोडपं. त्यांनी फोड आणि जखमा पाहिल्याच, शिवाय रक्तही तपासलं. आपल्या रक्तात लाल पेशी असतात तशा पांढऱ्या पेशीही असतात. त्या रोगजंतूंशी लढतात. विषाची बाधा झालेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही दिवसांनी फार कमी झालेल्या दिसल्या. जे दगावले, त्यांच्या हाडांच्या आतला मगज, जिथे रक्त तयार होतं, तो रिकामा पडल्यासारखा झाला होता. १९१९ साली दोघांनी हे छापून प्रसिद्ध केलं. युद्ध संपलं होतं, लोक थकले होते. त्या कागदाकडे पुढची वीस-बावीस वर्षं फारसं कोणी पाहिलं नाही.

१९२५ मध्ये जिनिव्हा शहरात बऱ्याच देशांनी करार केला, की लढाईत विषारी वायू वापरायचा नाही. पण वापरायचा नाही म्हटलं, तरी साठवायचा नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. देशोदेशीच्या कोठारांत तो भरलेलाच राहिला. त्याच्या चाचण्याही चालू राहिल्या. आपला देश पारतंत्र्यात होता. आज पाकिस्तानात असलेल्या रावळपिंडीत १९३० नंतरच्या काळात इंग्रजांच्या शास्त्रज्ञांनी शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड गॅसच्या चाचण्या केल्या. हिंदी माणसाच्या कातडीवर किती विष पडलं म्हणजे किती इजा होते, हे त्यांना पाहायचं होतं. कित्येकांना भाजल्यासारख्या जखमा झाल्या. ब्रिटनच्या सरकारी दप्तरातल्या कागदांवरून ही हकिकत २००७ साली वर्तमानपत्रात आली. औषधाचा इतिहास सांगताना ही माणसंही आपल्याला आठवायला हवीत.

आता दुसरं महायुद्ध. शत्रूने पुन्हा विषारी वायू वापरला तर काय करायचं, या धास्तीने अमेरिकेच्या सरकारने येल विद्यापीठातल्या दोन तरुण शास्त्रज्ञांना काम दिलं. लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन ही त्यांची नावं. त्यांच्याकडे मस्टर्डचा एक चुलतभाऊ होता. मूळ विषातला गंधक काढून त्या जागी नायट्रोजन घातलेला, म्हणून तो 'नायट्रोजन मस्टर्ड'. त्याचे थेंब मोजून शिरेतून देता येत होते.

प्राण्यांवर प्रयोग करताना त्यांनाही तेच दिसलं. पांढऱ्या पेशी भराभर कमी होत होत्या. मग त्यांच्या मनात प्रश्न आला. काही कॅन्सर असे असतात, की त्यात पांढऱ्या पेशींचीच वाट्टेल तशी वाढ होते, मानेत, काखेत, जांघेत गाठी येतात. मग हेच विष अगदी थोडं, मोजून दिलं तर? त्यांनी थॉमस डोहर्टी या सहकाऱ्याकडचा, गाठ झालेला एक उंदीर घेतला. दोन डोसांत गाठ विरघळली. काही दिवसांनी ती परत आली, पण तो उंदीर तशा इतर उंदरांपेक्षा पुष्कळ जास्त जगला.

मग आला माणूस. पोलंडमधून अमेरिकेत आलेला, ४८ वर्षांचा. जबड्यात आणि मानेत एवढ्या गाठी, की तोंड उघडेना, घास गिळता येईना. ऑपरेशन झालं होतं, किरणांचे शेक देऊन झाले होते. आता त्याच्यासाठी काहीच उरलं नव्हतं. २७ ऑगस्ट १९४२ रोजी त्याला नायट्रोजन मस्टर्डचा पहिला डोस दिला गेला. युद्धाचं गुपित म्हणून केसपेपरवर औषधाचं नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'पदार्थ एक्स' असं लिहिलेलं. रुग्णाचं नावही आपल्याला ठाऊक नाही. जे. डी. ही दोन अक्षरं तेवढी मागे राहिली.

दहा दिवस रोज औषध दिलं. गाठी मऊ पडत गेल्या, लहान झाल्या, हाताला लागेनाशा झाल्या. माणूस जेवू लागला. पण पांढऱ्या पेशी खाली गेल्या, रक्तस्राव व्हायला लागला. पुढे गाठी परत आल्या. पुन्हा औषध दिलं, पण दरवेळी गुण कमी येत गेला. १ डिसेंबर १९४२ ला तो गेला.

त्या काळात कोणी म्हणालं असतं, की शेवटी गेलाच ना, मग काय उपयोग? पण तोपर्यंत पसरलेल्या कॅन्सरवर शिरेतून दिलेलं औषध चालतं, हेच कोणी पाहिलं नव्हतं. कापा किंवा शेका, एवढंच होतं. जे. डी. जगला नाही, पण त्याच्यामुळे तिसरी वाट आहे एवढं कळलं. हे सगळं गुपितच राहिलं. १९४६ मध्ये परवानगी मिळाल्यावर ६७ रुग्णांची माहिती छापून आली. जे. डी.चे जुने केसपेपर तर २०१० साली येलच्याच डॉक्टरांनी शोधून काढले.

याच युद्धात एक भीषण घटना घडली. इटलीच्या बारी बंदरात २ डिसेंबर १९४३ च्या रात्री जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. डझनापेक्षा जास्त जहाजं बुडाली. त्यात 'जॉन हार्वी' नावाचं अमेरिकन जहाज होतं. त्याच्या पोटात मस्टर्डचे २,००० बॉम्ब होते. गुपचूप आणलेले. ज्यांना हे ठाऊक होतं, ती जहाजावरची माणसं जहाजाबरोबरच गेली. विष पाण्यावरच्या तेलात मिसळलं. माणसं त्या पाण्यातून पोहत काठाला आली. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर-नर्सना वाटलं, ही थंडीने आणि धक्क्याने गारठली आहेत. ओल्या, तेलकट कपड्यांवरूनच त्यांना घोंगड्या गुंडाळल्या, गरम चहा दिला. रात्रभर विष अंगाला चिकटून राहिलं. सकाळी डोळे बंद, अंगभर फोड.

स्टुअर्ट अलेक्झांडर नावाचे लष्करी डॉक्टर चौकशीला आले. त्यांना वॉर्डात शिरताच लसणासारखा वास आला आणि त्यांनी ओळखलं. वरचे अधिकारी मान्य करत नव्हते, पण त्यांनी चिकाटीने पुरावा गोळा केला. त्यांच्या नोंदीप्रमाणे ६२८ सैनिक आणि खलाशांना बाधा झाली आणि ८३ जण दगावले. बारी गावातल्या साध्या माणसांची, बायकापोरांची मोजदाद नीट झालीच नाही. इथेही रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिसल्या.

काही ठिकाणी असं सांगतात, की बारीच्या स्फोटातून केमोथेरपी जन्माला आली. ते बरोबर नाही. जे. डी.ला औषध दिलं ते बारीच्या सव्वा वर्ष आधी. बारीने तीच गोष्ट जास्त मोठ्या आणि जास्त दुःखाच्या प्रमाणात दाखवली. आपण मात्र एवढं लक्षात ठेवू, की ज्या नर्सनी त्या माणसांना मायेने घोंगडीत गुंडाळलं, त्यांची काही चूक नव्हती. त्यांना खरं सांगितलं गेलं नव्हतं. सुश्रूषा करणाऱ्यापासून माहिती लपवली की काय होतं, ते बारीने दाखवलं.

आता प्रश्न उरतो, की हे विष शरीरात नेमकं करतं काय? त्याचा पहिला मोठा धागा एका बाईंच्या हाती लागला. शार्लट ऑयरबाख. जर्मनीत शाळेत शिकवायच्या. ज्यू होत्या म्हणून १९३३ साली नोकरी गेली. देश सोडून त्या स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला आल्या. तिथे रॉबसन नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी फळांवर बसणाऱ्या चिलटांना मस्टर्डची वाफ देऊन पाहिली. हे काम करताना त्यांचे हातही भाजून निघाले. चिलटांच्या पुढच्या पिढ्यांत त्यांना बिघाड दिसले. म्हणजे हे विष कातडी जाळतं तेवढंच नाही, तर पेशीच्या आत, जिथे वंशाचा मजकूर लिहिलेला असतो, तिथपर्यंत पोचतं. रसायनाने असं होऊ शकतं, हे तोवर कोणी पक्कं दाखवलेलं नव्हतं. त्यांनाही युद्ध संपेपर्यंत हे छापू दिलं नाही. १९४६ मध्ये ते जगापुढे आलं.

पेशीच्या आतल्या त्या मजकुराला डीएनए म्हणतात. १९५३ मध्ये त्याचा आकार कळला. दोन धागे एकमेकांभोवती पीळ घातलेले. आपल्या ब्लाउजपीसच्या पिशवीला चेन असते ना, तसं समजा. पेशीला एकाच्या दोन व्हायचं असलं की ही चेन उघडावी लागते. मगच दोन्ही बाजूंची नक्कल निघते आणि नवी पेशी तयार होते. नायट्रोजन मस्टर्डला दोन हात असतात. एक हात चेनच्या एका बाजूला चिकटतो, दुसरा दुसऱ्या बाजूला. म्हणजे चेनच्या दोन्ही बाजू धरून मध्येच टाका घातल्यासारखं होतं. चेन उघडत नाही. पेशीला दुरुस्तीही जमली नाही, तर ती मरते. अशा चिकटण्यालाच 'अल्किलेटिंग' म्हणतात. लंडनमधल्या ब्रुक्स आणि लॉली या शास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास हा टाका दाखवून दिला.

कॅन्सरच्या पेशी सारख्या वाढत असतात, सारखी चेन उघडत असतात. म्हणून त्यांना हा टाका जास्त नडतो. पण शरीरातल्या काही चांगल्या पेशीही सतत वाढणाऱ्या असतात. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आत, आतड्यात आणि हाडाच्या मगजात. म्हणून केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी उतरतात. मावशींना जे झालं, ते ह्याच कारणाने. फरक एवढाच, की चांगल्या पेशी बऱ्याचदा सावरतात, केस परत येतात. कॅन्सरच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. त्या फरकावरच सगळा उपचार उभा आहे.

म्हणूनच दोन डोसांमध्ये दिवस सोडतात. पुष्कळदा ते २१ दिवस असतात. डोसानंतर साधारण आठव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, मग हळूहळू भरून येतात. त्या भरल्या की नाही, हे रक्त तपासून पाहतात आणि मगच पुढचा डोस देतात. क्रुंबहार जोडप्याने १९१९ साली जे विषाची बाधा म्हणून मोजलं, तेच आज रोज्याला जपण्यासाठी मोजलं जातं.

आणि पुन्हा पुन्हा डोस का? तर एका खुरपणीत तण जात नाही म्हणून. जे. डी.च्या गाठी गेल्यासारख्या वाटल्या, पण मुळं राहिली होती. पुढच्या डॉक्टरांनी यातून दोन गोष्टी शिकल्या. एक, औषध ठरलेल्या फेऱ्यांत, पूर्ण द्यायचं. दुसरी, एकाच औषधावर अवलंबून राहायचं नाही. १९६० नंतर अमेरिकेत विन्सेंट डीव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉजकिन नावाच्या गाठींच्या आजारात नायट्रोजन मस्टर्डबरोबर आणखी तीन औषधं जोडली. शंभरातल्या ऐंशीच्या आसपास रुग्णांच्या गाठी पूर्ण गेल्या आणि त्यातले पुष्कळ जण कायमचे बरे झाले.

या कामात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या दवाखान्यात एक कृष्णवर्णीय डॉक्टर बाई झटत होत्या, जेन राइट. १९४९ पासून त्या वडिलांबरोबर ही नवी औषधं गरीब वस्तीतल्या रुग्णांसाठी वापरून पाहत होत्या. १९५२ मध्ये वडील गेल्यावर वयाच्या ३३ व्या वर्षी त्यांनी तिथला कारभार हाती घेतला. रुग्णाच्या गाठीचा तुकडा घेऊन त्यावर कोणतं औषध चालतं, हे आधी प्रयोगशाळेत पाहायचं, असा त्यांचा प्रयत्न असे. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरच्या डॉक्टरांची मोठी संस्था सात जणांनी मिळून काढली. त्या सातांत त्या एकट्या बाई होत्या.

पहिलं नायट्रोजन मस्टर्ड फार कडक होतं. शिरेच्या बाहेर सांडलं तर मांस जाळायचं. म्हणून जर्मनीतल्या आस्टा नावाच्या औषध कंपनीत नॉर्बर्ट ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी युक्ती केली. त्यांनी त्या विषाचे हात बांधून टाकले. असं औषध शरीरात जाताना थंड असतं. लिव्हरमध्ये पोचल्यावर त्याची गाठ सुटते आणि ते कामाला लागतं. हे सायक्लोफॉस्फामाइड. १९५८ मध्ये त्याची माहिती बाहेर आली, १९५९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जुनं आहे, त्यामुळे इतर नव्या औषधांच्या मानाने स्वस्तही आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये, रक्ताच्या आणि गाठींच्या काही कॅन्सरमध्ये ते देतात. ल्युपससारख्या आजारात आणि किडनीच्या काही दुखण्यातही, कमी प्रमाणात, देतात.

मावशींच्या केसपेपरवर हेच नाव होतं. म्हणून आता मिलान शहराची गोष्ट ऐका. इटलीत जियानी बोनाडोना नावाच्या डॉक्टरांनी अशा बायका घेतल्या, ज्यांचं स्तनाचं ऑपरेशन झालं होतं आणि आजार काखेतल्या गाठींत पोचला होता. १७९ जणींना नुसतं ऑपरेशन. २०७ जणींना ऑपरेशननंतर केमो, त्यात सायक्लोफॉस्फामाइड आणि आणखी दोन औषधं. १९७६ मध्ये निकाल छापला. सव्वादोन वर्षांच्या सुमारास नुसतं ऑपरेशन झालेल्यांत शंभरातल्या २४ जणींचा आजार उलटला होता. केमो घेतलेल्यांत शंभरातल्या साधारण ५ जणींचा. पुढे १९८१ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांनी ठरलेल्या औषधापैकी जवळजवळ सगळं, म्हणजे ८५ टक्के किंवा जास्त घेतलं, त्यांना चांगला फायदा झाला. ज्यांचं औषध बरंच कमी पडलं, त्यांना तो फारसा झाला नाही. मावशींना मी हे दोनदा सांगितलं.

आपल्याकडे बघा. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई बायकांच्या हक्कांसाठी आणि बालविवाहाविरुद्ध झटल्या. १९३१ मध्ये त्या रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. घरात पैशाला तोटा नव्हता, विलायतेत उपचार चालू होते, पण त्या वर्षी जगात कुठेही या आजारावर आजच्यासारखं औषधच नव्हतं. पुढे टाटांच्या ट्रस्टने मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं केलं. ते १९४१ च्या फेब्रुवारीत उघडलं. तेव्हाही जे. डी.चा पहिला डोस दीड वर्ष पुढे होता. बार्शीत १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवायला सुरुवात झाली. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंदणी. लेडी मेहेरबाईंना जे मिळालं नाही, ते आज महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयांत शेतमजूर बाईलाही मिळू शकतं.

मात्र विषातून आलेलं औषध आहे, हे विसरून चालणार नाही. त्यासाठी काही गोष्टी लक्षात ठेवा.

केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला, थंडी वाजून आली, तर सकाळची वाट पाहू नका, घरात पॅरासिटामॉल देऊन झोपवू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा जंतूही जीव घेतो. त्याच दिवशी, त्याच रात्री दवाखान्यात जा.

सायक्लोफॉस्फामाइड शरीरात मोडताना लघवीच्या पिशवीला झोंबणारा पदार्थ तयार होतो. म्हणून डॉक्टर सांगतील तेवढं भरपूर पाणी प्या, लघवी दाबून ठेवू नका. लांबच्या एसटीच्या प्रवासात बायका पाणीच पीत नाहीत, ते इथे महागात पडतं. लघवीतून रक्त दिसलं तर लगेच सांगा. मोठा डोस असेल तेव्हा या त्रासापासून वाचवायला 'मेस्ना' नावाचं औषध सोबत देतात.

या औषधाने पाळी बंद होऊ शकते, पुढे मूल होण्याला अडचण येऊ शकते. दिवस गेले असतील, मूल हवं असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर पहिल्या डोसाआधीच बोला. लाजू नका. ऑयरबाखबाईंनी चिलटांत पाहिलेला बिघाड इथेही खरा आहे. क्वचित काही रुग्णांना पुष्कळ वर्षांनी या औषधामुळेच दुसरा रक्ताचा आजार होऊ शकतो. म्हणून उपचार संपले तरी तपासणीला जात राहायचं.

आणि सेवा करणाऱ्या लेकी-सुनांनो, हे तुमच्यासाठी. १९७९ साली फिनलंडमध्ये केमोची औषधं हाताळणाऱ्या नर्सच्या लघवी तपासल्या, तर त्यातही औषधाच्या परिणामाच्या खुणा सापडल्या. तेव्हापासून दवाखान्यात हातमोजे, वेगळी जागा, असे नियम आले. तुमच्या घरीही डोसानंतरचे दोन दिवस उलटी, लघवी साफ करताना हातमोजे घाला, कपडे वेगळे धुवा, हात साबणाने धुवा. गोळ्या कुटू नका, फोडू नका. गरोदर बाईने त्यांना हात लावू नये. रोज्याजवळ बसायला, तिला जवळ घ्यायला, तिच्या ताटात वाढायला मात्र काही हरकत नाही. कॅन्सर शिवल्याने होत नाही.

मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे शेजारीण खोटं नाही बोलली." मी म्हटलं, नाही. पण तिने सांगितली ती गोष्ट १९१७ पर्यंतची. पुढची तिला ठाऊक नव्हती. शंभर वर्षांत कितीतरी माणसांनी ते विष मोजायला, बांधायला, सोडायला शिकून घेतलं. त्यातल्या कितीकांची नावंही राहिली नाहीत.

त्या दुसऱ्या डोसाला गेल्या. तापाचं थर्मामीटर गटाच्या पैशातून घेतलं. तिसऱ्या डोसाला त्यांच्याबरोबर एसटीत कोण बसलं असेल, ओळखा. तीच शेजारीण. उपचार अजून चालू आहेत, त्यामुळे त्या बऱ्या झाल्या असं मी आज सांगत नाही. एवढंच सांगते, की त्या अर्ध्या वाटेवरून मागे फिरल्या नाहीत.

तुमच्या गटात कोणी अशी असेल, तर पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाल्यावर हे तिला वाचून दाखवा. आणि तिच्याबरोबर पुढच्या खेपेला कोण जाणार, ते त्याच बैठकीत ठरवून टाका. येते मी. नमस्कार.